पार्टी इन पर्सन

वकीलपत्र न देता स्वतःचे प्रकरण स्वतःच दाखल करून चालवणाऱ्या पक्षकाराला भारतीय कोर्टांत ‘पार्टी इन पर्सन’ म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ३, नियम १ पक्षकाराला जातीने हजर राहण्याची मुभा देतो. ही मुभा स्वतःच्या प्रकरणापुरतीच आहे. भावाचे मुखत्यारपत्र हाती असले तरी त्याच्या वतीने युक्तिवाद करता येत नाही. त्यासाठी ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ३२ खाली कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. कुटुंब न्यायालयात स्थिती उलटी आहे. तिथे १९८४ च्या कायद्याच्या कलम १३ नुसार वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही.

वकील नाही म्हणून दाखल करण्याचे नियम सैल होत नाहीत. वादपत्रात दाव्याचे कारण केव्हा घडले, कोर्टाला अधिकारक्षेत्र कसे आहे, दाव्याचे मूल्यांकन किती, हे लिहावे लागते. सोबत दस्तऐवजांची यादी, कोर्ट फी आणि प्रतिवादींसाठी प्रती. सर्वांत जास्त चुका सत्यापनात होतात. ‘वरील मजकूर खरा आहे’ एवढे पुरत नाही. कोणत्या क्रमांकाचे परिच्छेद स्वतःच्या माहितीतले आणि कोणते इतरांकडून कळल्यावर खरे मानलेले, हे वेगळे सांगून खाली तारीख, ठिकाण आणि सही लागते. शिवाय मजकुराच्या पुष्टीसाठी प्रतिज्ञापत्र जोडावे लागते.

अशा त्रुटी बहुधा दुरुस्त होतात. राहिलेली सही मागाहून करता येते आणि कमी पडलेली कोर्ट फी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली कोर्टाच्या परवानगीने भरता येते. मुदतीचे तसे नाही. लिमिटेशन ॲक्ट, १९६३ च्या कलम ३ प्रमाणे प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरी मुदतबाह्य दावा फेटाळावाच लागतो. अपिलाला उशीर झाल्यास कलम ५ खाली विलंबमाफी मागता येते, मूळ दाव्याला ती सवलत नाही. वादपत्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम ११ खाली नामंजूर झाले तर नवे दाखल करता येते, पण दरम्यान मुदत थांबत नाही. म्हणून स्वतः लढणाऱ्याने आधी मुदत मोजावी, मग मसुदा लिहायला घ्यावा.

वरच्या कोर्टांत आणखी एक पायरी आहे. सुप्रीम कोर्ट रूल्स, २०१३ नुसार वकील का दिला नाही आणि कोर्टाने दिलेला वकील चालेल का, हे अर्जात सांगावे लागते. रजिस्ट्रार पक्षकाराशी बोलून अहवाल देतो. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१५ मध्ये स्वतंत्र नियम केले. तिथे रजिस्ट्रीतील, म्हणजे कोर्टाच्या कार्यालयातील, अधिकाऱ्यांची समिती पक्षकाराला कोर्टापुढे बाजू मांडणे जमेल का, ते पाहते. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ मुळे तिथले कामकाज इंग्रजीत चालते. तालुका कोर्टात मराठीत नीट वादपत्र लिहिणारा माणूस इथे अडतो. हा अडथळा त्याच्या समजुतीतल्या उणिवेचा नाही, भाषेचा आहे, आणि समितीने हा फरक ओळखायलाच हवा.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी सेवेला पात्र ठरतात. या सेवेत कायदेशीर सल्लाही येतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.