सेंट पीटर्समधली ती 'पेंटिंग्ज' चमत्काराने टिकलेली नाहीयेत

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा जवळ आली की एक फॉरवर्ड हमखास फिरतो, रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकातली जुनी ऑइल पेंटिंग्ज शेकडो वर्षं झाली तरी फिकी पडलेली नाहीत, हा दैवी चमत्कार. फिकी पडत नाहीत हे खरंय, पण ती पेंटिंग्जच नाहीत ना भाऊ! तिथल्या वेदींवरची जवळपास सगळी चित्रं मोझाइकची आहेत, म्हणजे रंगीत काचेचे तुकडे बसवून केलेली.

आधी तिथे खरोखरची तैलचित्रंही होती, पण ओल आणि मेणबत्त्यांच्या धुराने खराब व्हायला लागली, मग 17व्या-18व्या शतकात त्यांच्या हुबेहूब मोझाइक कॉप्या करून लावल्या आणि या कामासाठी व्हॅटिकनने 1727 मध्ये कायमचा स्टुडिओच काढला, तो आजही चालू आहे. रंगीत काचेचे बारके तुकडे करायचे आणि जवसाच्या तेलाच्या पुट्टीत एकेक दाबायचे, गालावरची सावली सुद्धा अशीच, एकेक शेड बदलत. खालून बघणाऱ्याला ब्रशचंच काम वाटणार, त्यात त्याची काय चूक.

इटालियन चित्रकार राफाएलचं 'रूपांतर' हे येशूचं चित्र घ्या, फॉरवर्डमध्ये बहुतेक तोच फोटो असतो. बॅसिलिकात आहे ती 18व्या शतकातली मोझाइक कॉपी, मूळ चित्र व्हॅटिकनच्याच पिनाकोतेका म्युझियममध्ये, आणि ते तर 1797 मध्ये नेपोलियनच्या फौजेने पॅरिसला नेलं होतं, नंतर परत आलं. फोटो नीट झूम केलात तर कधीकधी तुकड्यांमधल्या फटीही दिसतात.