माक्स बेकमन: ॲम्स्टरडॅममधली दहा वर्षे

डिसेंबर २०२२मध्ये बर्लिनच्या ग्रीझेबाख लिलावगृहात माक्स बेकमनच्या एका आत्मचित्राची बोली २ कोटी युरोंवर थांबली. जर्मनीतल्या कलालिलावांचा तो विक्रम ठरला. पिवळ्या-गुलाबी रंगांतले हे चित्र १९४३चे, नाझींनी व्यापलेल्या ॲम्स्टरडॅममध्ये रंगवलेले. बेकमनने ते पत्नी क्वापीला दिले आणि तिने ते जन्मभर जपले. हा जर्मन चित्रकार तिथे कसा पोहोचला, हे किमतीपेक्षा जास्त महत्त्वाचे आहे.

बेकमन ज्यू नव्हता, कम्युनिस्टही नव्हता. त्याचा गुन्हा एवढाच, की तो नाझींना न खपणारी चित्रे काढत होता. १८८४मध्ये लायप्झिगला जन्मलेल्या बेकमनने पहिल्या महायुद्धात वैद्यकीय सेवक म्हणून छिन्नविच्छिन्न देह पाहिले आणि १९१५मध्ये तो मनाने कोसळला. त्यातून सावरल्यावर त्याची चित्रकलाच बदलली. घराच्या माळ्यावर चाललेला छळ दाखवणारे ‘रात्र’ (१९१८-१९) पाहताना आजही अंगावर काटा येतो. १९२५पासून तो फ्रँकफर्टच्या श्टेडेल कलाशाळेत शिकवत होता. बर्लिनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने त्याच्या चित्रांना स्वतंत्र दालन दिले होते. १९३३मध्ये नाझी आले आणि काही महिन्यांतच नोकरी गेली, दालनही बंद झाले.

१८ जुलै १९३७ रोजी हिटलरने म्युनिकमध्ये नव्या कलेच्या चित्रकारांना उघड धमक्या दिल्या. ते भाषण रेडिओवरून देशभर गेले. दुसऱ्याच दिवशी त्याच शहरात ‘अधःपतित कला’ हे कुप्रसिद्ध प्रदर्शन उघडले. टिंगल करण्यासाठी टांगलेल्या चित्रांत बेकमनचीही होती, आणि जर्मन संग्रहालयांतून त्याच्या पाचशेहून अधिक कलाकृती जप्त झाल्या. प्रदर्शन उघडले त्याच दिवशी बेकमन आणि क्वापीने देश सोडून ॲम्स्टरडॅमची वाट धरली. तेव्हा तो ५३ वर्षांचा होता. जर्मनीत तो पुन्हा कधीच राहायला गेला नाही.

खरे तर त्याला अमेरिकेला जायचे होते. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने शिकवायला बोलावलेही, पण व्हिसा मिळाला नाही. मे १९४०मध्ये जर्मन फौजा नेदरलँड्समध्ये शिरल्या, तेव्हा धोका ओळखून त्याने आपल्या रोजनिशा जाळल्या. ज्या राजवटीने त्याला हाकलले, तिनेच १९४२मध्ये आणि पुन्हा १९४४मध्ये त्याला सैन्यभरतीच्या तपासणीला बोलावले. दोन्ही वेळा तो अपात्र ठरला, म्हणून वाचला.

रोकिन रस्त्यावर तंबाखूच्या जुन्या गोदामाच्या माळ्यावर त्याचा स्टुडिओ होता. आयुष्यभरात काढलेल्या चित्रांपैकी सुमारे एक तृतीयांश त्याने ॲम्स्टरडॅममध्ये काढली. जुन्या चर्चमधल्या वेदीचित्रांसारखी तीन फलकांची नऊ चित्रे त्याने पूर्ण केली. त्यांतली ‘डोंबारी’, ‘पर्सियस’, ‘नट’, ‘कार्निव्हल’ आणि ‘आंधळी कोशिंबीर’ ही पाच या शहरातली आहेत. सर्कस, मुखवटे, बांधलेले हात, राजमुकुट घातलेले नट यांनी ती खच्चून भरली आहेत. माझ्या मते बेकमन सर्वांत मोठा वाटतो तो इथेच.

ही चित्रे घेत कोण होते, हा अवघड प्रश्न आहे. त्याचा मुलगा पेटर जर्मन हवाई दलात डॉक्टर होता. तो काही चित्रे लपवून जर्मनीत नेत असे. दुसरा आधार होता एऱ्हार्ड गोपेल. लिंत्स शहरात उभारायच्या हिटलरच्या संग्रहालयासाठी चित्रे मिळवणे हे त्याचे काम, आणि ज्यूंच्या संग्रहांच्या लुटीत त्याचा हात होता. त्याच माणसाने बेकमनची चित्रे विकत घेतली आणि त्याला संरक्षण दिले. १९४४मध्ये बेकमनने त्याचे व्यक्तिचित्रही काढले. हा संबंध चरित्रातून वगळला, तर ती वर्षे समजतच नाहीत.

युद्ध संपल्यावर डच सरकारच्या लेखी बेकमन शत्रुराष्ट्राचा नागरिक होता. त्यातून सुटका व्हायला १९४६ उजाडले. १९४७मध्ये तो सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवायला गेला आणि २७ डिसेंबर १९५० रोजी न्यूयॉर्कमध्ये हृदयविकाराने वारला. गोपेल युद्धानंतर जर्मनीत प्रकाशनक्षेत्रात स्थिरावला. बेकमनच्या तैलचित्रांची १९७६मध्ये निघालेली समग्र सूची त्याच्या आणि त्याची पत्नी बार्बरा हिच्या नावावर आहे.