भूजलऱ्हास, उत्तर गुजरातमधील

महेसाणा, पाटण व बनासकांठा या जिल्ह्यांत, म्हणजे कच्छच्या छोट्या रणापर्यंत भिडलेल्या निमकोरड्या पट्ट्यात, पुनर्भरणापेक्षा उपसा कितीतरी अधिक राहिल्याने भूजलपातळीत झालेली दीर्घकालीन घट. अवर्षणाने ती वाढते. मात्र अवर्षण एका चांगल्या पावसाळ्याने सरते, ही घट सरत नाही.

महेसाणा व पाटणचा बराच मुलूख १९४९पर्यंत बडोदे संस्थानाच्या कडी (पुढे महेसाणा) प्रांतात होता, त्यामुळे सुभे-वहिवाटदारांच्या (संस्थानच्या प्रांत व तालुका अधिकाऱ्यांच्या) आठवणी जपणाऱ्या बडोद्यातील मराठी घरांना ही गावे परकी नाहीत. पाटणची अकराव्या शतकातील ‘राणी की वाव’ ही पायऱ्यांची विहीर सात मजले खाली उतरते. पाणी तेव्हाही खोलच होते, पण पायऱ्यांनी गाठता येण्याइतके. कोसाने, म्हणजे मोटेने, उपसल्या जाणाऱ्या विहिरी अवर्षणात आटत आणि आटण्यातूनच शेतकऱ्याला इशारा मिळे.

येथील जमीन नद्यांच्या गाळाची असून तीत वाळू व चिकणमातीचे थर एकाआड एक आहेत. वरच्या वाळूत पावसाचे पाणी थेट मुरते. चिकणमातीखाली कोंडलेल्या थरांना मात्र ते मुख्यतः ईशान्येस अरवलीच्या पायथ्याकडून, अतिशय सावकाश येते. वरचा थर रिता होऊ लागल्यावर शेतकरी कूपनलिका या कोंडलेल्या थरांत नेऊ लागले आणि काही ठिकाणी ३०० मीटरांखाली गेले. इतका खर्च एकट्याला न झेपल्याने अनेकांनी भागीदारीत ट्यूबवेल काढल्या. त्यांचे पाणी अनेकदा पिकातील वाट्यावर विकले जाई, आणि पंपाच्या अश्वशक्तीवर ठरलेल्या वीजआकारामुळे जास्त उपशाला जास्त बिल येत नसे. पाणी थांबण्याऐवजी खोल जात राहिल्याने जुना इशाराच नाहीसा झाला. शिवाय खडकांतील खनिजांशी दीर्घकाळ संपर्कात राहिलेल्या खोल पाण्यात फ्लोराइड अनेक ठिकाणी लिटरला १.५ मिलिग्रॅम या मर्यादेपलीकडे आढळते, ज्याने दात व हाडे बिघडतात.

ज्योतिग्राम योजनेने (२००३–०६) शेतीची वीजवाहिनी वेगळी करून पुरवठ्याचे तास बांधून दिले. नर्मदेचे व ‘सुजलाम् सुफलाम्’ कालव्याचे पाणीही पोहोचले. बडोदे शहर आजवा तलाव व मही नदीच्या पात्रातील विहिरींवर जगत असल्याने या ऱ्हासाची झळ तेथे फारशी जाणवत नाही. बंधारे व शोषखड्ड्यांचे पाणी प्रामुख्याने वरच्याच थरात मुरते; कोंडलेल्या थरांपर्यंत त्याचा फारच थोडा अंश पोहोचतो.