जुन्या मोटारसायकलींची धातुझिलई

जुन्या मोटारसायकलीच्या न रंगवलेल्या धातुभागांना कारखान्यातून निघाली तेव्हाची चकाकी परत मिळवून देण्याचे काम म्हणजे धातुझिलई. यात गंज काढणे, पोचे सरळ करणे, घासकाम, बफिंग (फिरत्या कापडी चाकावर घासून चमकवणे) आणि विद्युत् विलेपनाने, म्हणजे द्रावणात वीज सोडून, धातूचा नवा मुलामा चढवणे हे सारे येते. भारतात हे काम मुख्यतः जावा, येझदी, बुलेट आणि राजदूत या गाड्यांवर चालते. जे चमकते ते क्रोम, असे गाडीमालक सहसा धरून चालतो. प्रत्यक्षात एकाच गाडीवर क्रोम चढवलेले पोलाद, उघडे ॲल्युमिनियम, जस्ताचा मिश्रधातू आणि जस्त किंवा कॅडमियम चढवलेले नटबोल्ट असा सगळा गोतावळा असतो. एकाला मानवणारे औषध दुसऱ्याला खाऊन टाकते. या कामातली बहुतेक नासधूस एवढ्या एका गैरसमजातून होते.

१९२०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत मोटारसायकलींवर निकेलचा मुलामा असे. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातील कॉलिन फिंक यांच्या संशोधनामुळे त्याच दशकात क्रोमचे विलेपन व्यापारी पातळीवर शक्य झाले आणि काही वर्षांतच क्रोमने निकेलला वरच्या थरातून हुसकावले. निकेलची झाक उबदार, किंचित पिवळसर असते आणि ते हवेत मंदावते, म्हणून वरचेवर पुसावे लागते. क्रोमची झाक निळसर, थंड असते आणि ते मंदावत नाही. त्यामुळे १९२५च्या गाडीचे हँडल क्रोम करून आणणे ही शुद्ध चूक ठरते. जाणकाराला ती दुरूनही कळते.

क्रोम मुलाम्याचे उत्तम उदाहरण म्हणजे म्हैसूरची जावा. आयडियल जावा कंपनीने तेथे १९६१ पासून चेकोस्लोव्हाक बनावटीची ही गाडी बनवली, १९७३ पासून ती येझदी नावाने विकली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. जावाच्या टाकीच्या दोन्ही बाजू क्रोमच्या, उरलेला भाग बहुतेकदा मरून रंगाचा, मध्ये सोनेरी रेघ आणि गुडघे टेकायला रबरी पॅड अशी तिची ओळख. पॅडखाली पावसाचे पाणी साचून राहते आणि टाकी नेमकी तिथेच, नजरेआड गंजत जाते. पॅड काढून पाहिल्याशिवाय अशा टाकीचा सौदा करू नये.

क्रोमचा मुलामा हा एकच थर नसतो. चांगल्या कामात पोलादावर आधी तांबे, त्यावर निकेल आणि शेवटी क्रोम येते. शोभेच्या क्रोमचा थर जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, तर निकेलचा साधारण दहा ते तीस मायक्रॉन. डोळ्यांना दिसणारी चकाकी खरे तर निकेलची असते. क्रोम तिला निळसर झाक देते आणि मंदावू देत नाही, इतकेच. त्यातही क्रोमच्या थराला अतिसूक्ष्म भेगा असतातच. त्यांतून पाणी निकेलपर्यंत आणि निकेलच्या छिद्रांतून पोलादापर्यंत पोचले की गंज सुरू होतो. निकेल लोखंडापेक्षा कमी क्रियाशील असल्यामुळे अशा छिद्रापाशी लोखंड उलट अधिक वेगाने झिजते. जस्ताचे याच्या नेमके उलट आहे. ते स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत क्रोमवर तांबूस ठिपके लवकर उठतात ते निकेलच्या या छिद्रांमुळेच. ते ठिपके वरचे नसतात, खालून आलेले असतात.

म्हणून पहिला निर्णय असा, की जुना मुलामा वाचवायचा की उतरवायचा. ठिपके वरवरचे असतील तर ॲल्युमिनियमची घरगुती फॉइल चुरगळून, पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासली तरी बरेच भागते. ॲल्युमिनियम क्रोमहून मऊ असल्याने ओरखड्यांची भीती कमी. त्यानंतर मेटल पॉलिश आणि मेणाचा हात द्यावा. वॉटर पेपर (पाण्यासोबत वापरायचा घासकागद) मात्र क्रोमला लावूच नये. अर्ध्या मायक्रॉनचा थर काही फटक्यांत जातो आणि खालचे पिवळसर निकेल उघडे पडते. नखाला खळगे जाणवत असतील किंवा पापुद्रे सुटत असतील, तर पॉलिशवर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

मुलामा उतरवताना क्रोम हायड्रोक्लोरिक आम्लात निघते आणि निकेल गंधकाम्लात उलटा विद्युत्प्रवाह देऊन काढतात. मग उघड्या पोलादाचे खरे रूप समोर येते, आणि इथेच काम महाग होते. रंगकामात पोचा लांबी (पुट्टी) भरून झाकता येतो. क्रोमखाली लांबी चालत नाही, कारण ती वीज वाहून नेत नाही आणि विलेपनाच्या टाक्यांत टिकतही नाही. पोचा ठोकूनच काढावा लागतो किंवा धातूनेच भरावा लागतो. बारीक खळगे तांब्याच्या जाड थराने भरतात, तो थर बफ करून सपाट करतात, पुन्हा तांबे चढवतात. कल्हईसारखे हे एका बैठकीचे काम नव्हे. स्वस्तात करून देणारा नेमके हे तांबेच वगळतो. पोलादावर निकेलचा पातळ हात आणि वर क्रोम देतो. काम दुकानात झगझगीत दिसते आणि एका पावसाळ्यात उघडे पडते. पोलाद जितके गुळगुळीत तितकाच वरचा आरसा नितळ. ओरखडा झाकणे तर दूरच, क्रोम तो अधिक ठळक करते.

काही भाग विशेष त्रासदायक. टू-स्ट्रोक जावाचे सायलेन्सर आतून जळक्या तेलाने माखलेले असतात. ते नीट जाळून किंवा कॉस्टिक सोड्यात उकळून साफ न करता दिले, तर तेल पाझरून विलेपनाचे द्रावण बिघडते आणि मुलामा सुटतो. मुलामेवाले जुने सायलेन्सर घ्यायला कुरकुर करतात ती यासाठी. इंजिनाजवळचा नळा निळा पडतो तो उष्णतेने. निळसरपणा पॉलिशने निघतो, पण इंजिनाला पेट्रोल कमी मिळत असेल किंवा टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) चुकलेले असेल तर तो परत येतो. रिमसाठी सगळे आरे काढून चाक पुन्हा बांधावे लागते. खोल गंजलेली रिम घासून घासून पातळ करण्यापेक्षा बदललेली बरी, कारण तिच्यावर जीव तोललेला असतो.

ॲल्युमिनियमची गोष्ट निराळी. मद्रासला १९५५ पासून बनू लागलेल्या बुलेटची इंजिनाची आवरणे उघड्या, बफ केलेल्या ॲल्युमिनियमची. त्यांच्यावर मुलामा नसतो. हवेत आपोआप तयार होणारा ऑक्साइडचा थर हेच त्यांचे संरक्षण, आणि तोच कालांतराने त्यांना काळवंडवतो. घासकाम २२० नंबरच्या पेपरपासून ३२०, ४००, ६०० असे अधिकाधिक बारीक पेपरकडे चढत जाते. प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा बदलतात, म्हणजे आधीच्या पेपरच्या रेघा गेल्या की नाही ते कळते. पुढे आधी ताठ धाग्यांचे आणि मग मऊ सुती बफ, त्यांवर बफिंगचा साबण. धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक ॲल्युमिनियमपासून लांब ठेवावेत, कारण अल्कली हा धातू विरघळवते. बफचा अतिरेकही तितकाच वाईट. आवरणावरची ओतीव अक्षरे पुसट होतात, स्क्रूंच्या भोकांच्या कडा ओघळतात आणि गॅस्केटची सपाट बैठक गोलावली की तेलगळती सुरू होते. बुलेटला तेलगळतीसाठी आणखी निमित्ताची गरज नाही.

जिकोव्ह आणि अमल कार्ब्युरेटरचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे असते. त्यांना चिंच, लिंबू किंवा तांब्या-पितळेची भांडी घासायची आम्लयुक्त पूड लावली तर धातू काळा पडतो आणि खड्डे पडतात. ताणाखाली काम करणारे कडक बोल्ट आणि स्प्रिंगा मुलाम्याला देताना वेगळीच काळजी लागते. आम्लात आणि विलेपनात पोलाद हायड्रोजन शोषते आणि ठिसूळ होते. म्हणून असे भाग नंतर सुमारे २०० अंश सेल्सियसला काही तास भाजतात. अशा भागांना शोभेसाठी क्रोम न देणेच शहाणपणाचे.

बफिंगचे आठ इंची चाक मिनिटाला २,८०० फेरे फिरते तेव्हा त्याच्या काठाचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक असतो. वस्तूची धार वरच्या बाजूने लावली की चाक ती हिसकावून भिरकावते. ॲल्युमिनियमची बारीक धूळ स्फोटक असते आणि ती लोखंडाच्या धुळीत मिसळू देऊ नये. त्याहून गंभीर धोका क्रोमच्या टाकीतला. त्यातले षट्‌संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचे एक विषारी रूप, कर्करोगकारक आहे. युरोपीय संघात हे रूप असलेल्या क्रोमियम ट्रायऑक्साइडचा वापर २१ सप्टेंबर २०१७ नंतर विशेष परवानगीखेरीज बंद झाला आणि त्याऐवजी त्रिसंयुजी क्रोमियम या कमी घातक रूपाची पद्धत वाढली. घरी बादलीत क्रोम चढवण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

किती चमकवावे यावर हौशी मंडळींत मतभेद आहेत. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, फिवाने, स्वीकारलेली तुरीन सनद शक्य तिथे मूळ द्रव्य जपण्यावर भर देते. भारतात २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते. तिथेही गाडी मूळ रूपात असण्याची अट आहे. सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. झिलईला नियमाची आडकाठी नाही, पण अभिरुचीची असायला हवी. लष्करातून निघालेली ऑलिव्ह रंगाची बुलेट खरवडून क्रोमने मढवली, तर तिच्या सेवेची खूणच पुसली जाते. आणि चाळीस वर्षांचा मूळ मुलामा थोडा ठिपकलेला असला, तरी तो नव्या कामाहून मोलाचा.

झिलई केलेली गाडी प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली ठेवू नये, आत दमटपणा कोंडतो. सुती कापड बरे. पावसाळ्यापूर्वी क्रोमवर मेणाचा हात फिरवावा, आणि आतल्या वळणांत तो आवर्जून द्यावा, कारण विलेपनात क्रोम तिथे नीट पोचतच नाही.