न विचारणाऱ्या वाचकासाठी

८ डिसेंबर २००५. तोक्योच्या शेअर बाजारात मिझुहो सिक्युरिटीज या दलाल कंपनीला जे-कॉम कंपनीचा १ शेअर ६ लाख १० हजार येनला विकायचा होता. ऑर्डर गेली ती ६ लाख १० हजार शेअर प्रत्येकी १ येनला विकण्याची. कंपनीचे एकूण शेअरच होते साडेचौदा हजार! पडद्यावर इशारा आला होता, पण तो बाजूला सारला गेला. नंतर ऑर्डर रद्द करायची धडपड झाली, ती बाजाराच्याच संगणकातल्या दोषाने वाया गेली. तोटा सुमारे ४० अब्ज येन.

इथे निदान इशारा द्यायला पडदा होता आणि तो पाहायला माणूस. आता भाषा-मॉडेलवर, म्हणजे मजकूर वाचून मजकूर लिहिणाऱ्या एआयवर, चालणारे स्वयंचलित एजंटही ऑर्डर टाकू शकतात. त्यांना सहसा लाल-हिरवी बटणं दिसत नाहीत, की शेजारच्या टेबलावर कोणी जुनाजाणता बसलेला नसतो. त्यांच्यापुढे असतो तो मजकूर: टूलचं (म्हणजे एजंटला वापरायला दिलेल्या सोयीचं, जसं ऑर्डर टाकणं) नाव, दोन-चार ओळींचं वर्णन आणि कोणत्या रकान्यात काय भरायचं याचा तक्ता. मॉडेलला बाहेरची टूल जोडण्यासाठी अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या नियमावलीची मांडणी अशीच आहे. कोणतं टूल कधी वापरायचं, हे मॉडेल त्या वर्णनावरून ठरवतं. एरवी कोणी उघडून न पाहणारी माहितीपुस्तिका अशी यंत्राचा चालता भाग होऊन बसते.

माणसासाठी लिहिलेली पुस्तिका अर्धीमुर्धी असली तरी भागतं. माणूस अडतो, वैतागतो, फोन करून विचारतो. मॉडेल बरेचदा विचारत नाही. रिकामी जागा पटण्याजोग्या अंदाजाने भरून पुढे जातं. रकान्याचं नाव नुसतं ‘रक्कम’ असेल तर ती शेअरची संख्या की पैसे? वेळ दिली आहे ती कोणत्या प्रमाणवेळेची? बाजारांतले संगणक बरेचदा १९९२ मध्ये सुरू झालेल्या फिक्स नावाच्या सांकेतिक बोलीत बोलतात. तिच्यात ५४ हा रकान्याचा क्रमांक: ५४=१ म्हणजे खरेदी आणि ५४=२ म्हणजे विक्री. प्रोग्रॅमर हा तक्ता एकदा वाचतो, कोडमध्ये बसवतो, तपासतो आणि विसरतो. एजंट मात्र प्रत्येक कामाच्या वेळी वर्णन नव्याने वाचतो. एजंटला अंकांऐवजी ‘खरेदी’ आणि ‘विक्री’ असे सरळ शब्दच द्यावेत, असं माझं मत आहे.

सर्वांत अवघड जागा येते ती उत्तर न आल्यावर. एजंटने १०० शेअरची ऑर्डर पाठवली आणि जोडणी तुटली. ऑर्डर पोचलीच नाही, की पोचली आणि फक्त पोच हरवली? बाहेरून दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. पुन्हा पाठवावी तर २०० शेअर होण्याची भीती, गप्प बसावं तर काम राहण्याची. यावरचा तोडगा जुनाच आहे: प्रत्येक ऑर्डरला पाठवणाऱ्यानेच एक वेगळा क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर, म्हणजे ऑर्डर घेणारा संगणक, नवी ऑर्डर घेत नाही, आधीचीच स्थिती सांगतो. पण ‘पुन्हा पाठवताना क्रमांक बदलू नका’ हे वाक्य वर्णनात नसेल, तर एजंट नेटकेपणाने नवा क्रमांक तयार करतो आणि सगळी योजना फुकट जाते. ‘उत्तर आलं नाही तर आधी स्थिती विचारा, मगच पाठवा’ हेही तिथेच लिहिलेलं हवं.

बदलांची नोंद हा कंटाळवाणा विषय. त्याची किंमत नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर-व्यवहार कंपनीने १ ऑगस्ट २०१२ रोजी मोजली. नव्या सोयीसाठी तिथे एक जुनी सांकेतिक खूण पुन्हा वापरली होती, आणि आठांपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोचलाच नव्हता. त्या सर्व्हरवर खुणेचा अर्थ जुनाच राहिला आणि वर्षानुवर्षं निजलेला कोड जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. बाजार उघडण्याआधी यंत्रणेने ९७ ईमेल पाठवले होते आणि त्यांत जुन्या कोडचं नावही होतं. मात्र ते इशारा म्हणून बेतलेले नव्हते, त्यामुळे कोणी हललं नाही.

म्हणून एररचा मजकूर हाही वर्णनाइतकाच काळजीने लिहायचा मजकूर आहे. ‘अवैध विनंती’ एवढंच कळलं, तर एजंट काहीतरी बदलून पुन्हा धडक मारतो. ‘ऑर्डर फार मोठी आहे’ असं सांगितलं, तर तो तिचे दहा तुकडे करून पाठवील. यात त्याची लबाडी नाही, त्याला मर्यादा एका ऑर्डरचीच वाटते. ‘ही दिवसभराची एकूण मर्यादा आहे, तुकडे करूनही चालणार नाही, माणसाची मंजुरी घ्या’ असं लिहिलं की थांबायचं कुठे ते त्याला समजतं. अर्थात समजेलच याची हमी नाही, त्यामुळे दिवसभराची बेरीज सर्व्हरनेही ठेवायची आणि अकरावा तुकडा आला तरी दार उघडायचं नाही.