औद्योगिक कुक्कुटपालन आणि प्राणी क्रूरता कायद्याची अंमलबजावणी (सोलापूर जिल्हा)

मोठ्या शेडमध्ये पाळलेल्या कोंबड्यांना विनाकारण यातना होऊ नयेत म्हणून असलेले कायदे शेडवर, वाहनात आणि कत्तलीच्या जागी प्रत्यक्ष लागू करणे, हा या नोंदीचा विषय आहे. मूळ कायदा म्हणजे प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960. त्याच्या व्याख्येनुसार माणूस सोडून कोणताही सजीव हा प्राणी ठरतो, त्यामुळे कोंबडीही त्यात येते. जनावरांच्या गाड्या रस्त्यात अडवल्या जातात, कोंबड्यांच्या गाडीकडे कोणी वळून बघत नाही. कायद्यात असा भेद कुठेही नाही.

2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे 7.43 कोटी कोंबड्या व इतर पाळीव पक्षी नोंदले गेले. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात ब्रॉयलर (मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांचं) पालन हा शेतीचा जोडधंदा आहे आणि तो बहुतेक करार पद्धतीने चालतो. कंपनी एक दिवसाची पिल्लं, खाद्य आणि औषधं देते. शेड, पाणी, वीज आणि राबणं शेतकऱ्याचं. साधारण सहा आठवड्यांत पक्षी दोन किलोच्या आसपास भरला की कंपनीच माल उचलते आणि शेतकऱ्याला किलोमागे ठरलेला दर मिळतो. कायदा लावताना नेमकी इथेच अडचण होते. पक्षी कंपनीचा असतो, पण ताबा शेतकऱ्याचा. कलम 3 नुसार प्राण्याची देखभाल किंवा ताबा ज्याच्याकडे असेल त्या प्रत्येकावर जबाबदारी येते आणि ‘मालक’ या शब्दात ताबेदारही धरलेला आहे. म्हणजे दोघांवरही कारवाई होऊ शकते. तरीही तक्रार झालीच, तर ती समोर सापडणाऱ्या चालकावर किंवा शेडवाल्यावर होते. एका शेडमध्ये किती पक्षी सोडायचे आणि कोणत्या वेळी उचलायचे, हे ठरवणारा कागदावर येतच नाही. या अंमलबजावणीतला सर्वांत मोठा अन्याय हाच आहे.

सोलापूरच्या उन्हामुळे हा प्रश्न अधिक तीव्र होतो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडी ठेवून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते, खाणं सोडते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो तेव्हा शेडच्या पत्र्यावर उसाचं पाचट टाकतात, बाजूचे पडदे भिजवतात, पाण्याचे बारीक तुषार उडवणारे फॉगर लावतात. दुपारी वीज गेली किंवा बोअर आटला तर मर वाढते. पुरेसं पाणी, अन्न किंवा निवारा न देणं हा कलम 11 खाली गुन्हा आहे. पण खरी हलगर्जी आणि दुष्काळी गावातली हतबलता यांतला फरक जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याची तपासणी म्हणूनच महत्त्वाची.

अंड्यांच्या कोंबड्यांचा प्रश्न पिंजऱ्याचा आहे. हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणं कलम 11(1)(ई) ने मनाई केलेलं आहे. तरी बॅटरी पिंजऱ्यात (ओळीने मांडलेल्या तारेच्या छोट्या पिंजऱ्यांत) एका कोंबडीच्या वाट्याला 450 चौरस सेंटीमीटरच्या आसपास जागा येत आली, म्हणजे ए-फोर कागदापेक्षाही कमी. तिला पंख पसरता येत नाहीत. विधी आयोगाने 2017 मधल्या 269 व्या अहवालात हा विषय घेतला. अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीच्या 2023 च्या नियमांनी ही जागा 550 चौरस सेंटीमीटर केली, जुन्या फार्मना मात्र मुदत दिली. ए-फोर कागद सुमारे 624 चौरस सेंटीमीटरचा असतो, त्यामुळे ही सुधारणा फारच तोकडी आहे.

सर्वांच्या डोळ्यांसमोर मोडला जाणारा नियम वाहतुकीचा. प्राण्यांच्या वाहतुकीच्या नियमांत 2001 साली कोंबड्यांसाठी स्वतंत्र तरतुदी आल्या. रस्त्याने नेताना खुराडी एकावर एक रचायची नाहीत, उष्ण दिवसांत दर सहा तासांनी पाणी द्यायचं, असं त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. पुणे-हैदराबाद महामार्गावर पहाटे उभं राहिलं तर प्लॅस्टिकच्या क्रेटची उतरंड लादलेली गाडी दिसते. वरच्या क्रेटमधली विष्ठा खालच्या पक्ष्यांवर पडत असते आणि फटींतून पाय बाहेर लोंबत असतात. माल भरताना एका हातात चार-पाच पक्षी पायांना धरून उलटे नेतात. मोटारसायकलच्या हँडलला उलट्या टांगलेल्या कोंबड्या हेही नेहमीचंच दृश्य. प्राण्याला यातना होतील अशा रीतीने किंवा स्थितीत नेणं हा कलम 11(1)(डी) खाली गुन्हा आहे.

मग कारवाई का होत नाही? पिंजरा आणि वाहतूक हे दोन्ही गुन्हे अदखलपात्र आहेत. पोलिस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून घेतात. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये, म्हणजे एका कोंबडीच्या किमतीहूनही कमी. क्रूर रीतीने ठार मारणं मात्र कलम 31 नुसार दखलपात्र आहे. अंड्यांच्या जातीतली नर पिल्लं हॅचरीत (अंडी उबवण्याच्या केंद्रात) ज्या पद्धतीने संपवली जातात, तिला हे कलम लावून पाहायला हवं. जप्तीचा पेच वेगळाच आहे. हजारभर ब्रॉयलर मुद्देमाल म्हणून जप्त केले तर ठेवायचे कुठे? वजनासाठीच घडवलेला हा पक्षी जसजसा जगतो तसतसे त्याचे पाय आणि हृदय साथ सोडत जातात.

प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असावी असं या सोसायट्यांसाठीचे 2001 चे नियम सांगतात. तक्रार पोलिस ठाण्यात, या सोसायटीकडे किंवा पशुसंवर्धन विभागाकडे करता येते. वाहनाचा क्रमांक, वेळ, क्रेटचे फोटो आणि मालाची पावती मिळाली तर माल पाठवणाऱ्या कंपनीचं नावही तक्रारीत घालता येतं. कलम 36 नुसार घटनेपासून तीन महिन्यांनंतर खटला भरता येत नाही.