शेअर्ड होस्टिंगवरच्या फाइल परमिशन

शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो लोकांच्या वेबसाइट असतात, डिस्क, मेमरी, प्रोसेसर सगळं सामायिक, आणि प्रत्येक खातं म्हणजे लिनक्सच्या, म्हणजे सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, लेखी एक वेगळा युजर. त्यामुळे तुमची फाइल शेजारच्या खात्याला वाचता किंवा बदलता येते का, हाच इथला मुख्य प्रश्न.

परमिशन, म्हणजे कुणाला फाइलचं काय करता येईल ते, तीन आकड्यांत लिहितात. पहिला मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १, यांची बेरीज करायची. फोल्डरमध्ये शिरायला १ लागतोच, म्हणून फोल्डर ७५५ आणि फाइल ६४४ हे नेहमीचं सेटिंग.

पण आकडे बघण्याआधी पीएचपी, म्हणजे बहुतेक साइट ज्या भाषेत लिहिलेल्या असतात ती, कुठल्या युजरच्या नावानं चालतंय ते बघा. जुन्या मॉड-पीएचपी पद्धतीत, म्हणजे पीएचपी वेबसर्व्हरच्या आतच चालवायच्या पद्धतीत, सगळ्यांच्या स्क्रिप्ट वेबसर्व्हरच्याच युजरनं चालायच्या, बऱ्याचदा त्याचं नाव नोबडी, मग फोटो अपलोड व्हावेत म्हणून लोक फोल्डर सरळ ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं करता येईल असं, करून टाकायचे आणि शेजाऱ्याची साइट हॅक झाली की तिथली स्क्रिप्ट त्याच नोबडीच्या नावानं तुमच्या फोल्डरमध्ये हवं ते टाकून जायची. पीएचपीचा सेफ मोड, म्हणजे फाइलचा मालक कोण ते पीएचपीनंच तपासायची सोय, यावरचाच उपाय होता, पण हे काम मुळात ऑपरेटिंग सिस्टिमचं, त्यामुळे २०१२ मध्ये पीएचपी ५.४ मधून तो काढूनच टाकला. सूपीएचपी (स्क्रिप्ट तिच्या मालकाच्या नावानं चालवणारं मॉड्यूल) किंवा प्रत्येक खात्याचा वेगळा एफपीएम पूल (त्या खात्यापुरत्या पीएचपी प्रोसेसचा गट) असेल तर तुमचं पीएचपी तुमच्याच युजरनं चालतं आणि ७७७ ची गरजच उरत नाही. सूपीएचपी तर इतरांना लिहिता येणारी स्क्रिप्ट चालवतच नाही, थेट ५०० एरर (सर्व्हरमधल्या बिघाडाचा संदेश) देतं. तरी ‘एरर आली ना, ७७७ कर’ हा सल्ला अजून सर्रास मिळतो, कृपा करून ऐकू नका.

सगळ्यात जपायची ती कॉन्फिग फाइल, म्हणजे साइटची सेटिंग्ज असलेली फाइल, कारण डेटाबेसचा पासवर्ड तिथे उघड लिहिलेला असतो. ती ६४४ असेल तर दुसऱ्या खात्यातला माणूस आपल्या फोल्डरमध्ये तिच्याकडे बोट दाखवणारी सिमलिंक (एक प्रकारचा शॉर्टकट) बनवतो, पीएचपी म्हणून न चालता ती साध्या मजकुरासारखी दिसावी म्हणून नावाला टीएक्सटी जोडतो आणि ब्राउझरमध्ये उघडतो, सर्व्हरचं सेटिंग ढिलं असेल तर पासवर्ड समोर. पीएचपी तुमच्या युजरनं चालत असेल तर ही फाइल ६०० करा, साइट चालूच राहते आणि वेबसर्व्हरला मात्र ती थेट वाचता येत नाही. क्लाउडलिनक्सचं (शेअर्ड होस्टिंगसाठी बनवलेल्या लिनक्सचं) केजएफएस असलेल्या होस्टिंगवर प्रत्येक युजरला स्वतःपुरतीच फाइल सिस्टिम दिसते, होस्टिंग घेताना हे जरूर विचारा.

हे सगळं दोन खात्यांमधलं झालं. एकाच खात्यात ॲडऑन डोमेन (त्याच खात्याला जोडलेले जादा पत्ते) टाकून पाच साइट ठेवल्या तर सगळ्यांचा युजर एकच, तिथे ६०० चा काही उपयोग नाही, कधीतरी बनवून विसरलेल्या टेस्ट साइटच्या जुन्या प्लगइनमधून कुणी शिरलं की बाकीच्या चारही त्याच्या हातात जातात. क्लायंटच्या साइटला वेगळं खातंच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.